निर्झर कॉलनीतलं विरजण

गुरुवारी सकाळी निर्झर कॉलनीच्या फाटकाशी बायका काचेच्या बरण्या घेऊन उभ्या राहत, आणि नव्या भाडेकरूला वाटे की इथे दही वाटतात. बरणीत दिसायचंही तसंच काहीतरी, पांढरट, दाटसर, वर पिवळं पाणी सुटलेलं. वास मात्र दह्याचा नव्हता. ओल्या पुठ्ठ्याचा आणि नुकत्या विझलेल्या मेणबत्तीचा वास एकत्र केला तर येईल तसा होता. जिची बरणी मंदावली असेल तिने दुसरीकडून चमचाभर घ्यायचं, घरी कोमट पाण्यात सोडायचं आणि वर दुधाच्या पिशव्यांचे, वेफर्सच्या पाकिटांचे, शाम्पूच्या पुड्यांचे कातरलेले तुकडे टाकायचे. आठवडाभरात तुकडे विरून जात. हा द्रव ज्या संशोधन संस्थेने दिला, तिच्या कागदांत त्याला लांबलचक नाव होतं. बदलापूरच्या या बायकांनी त्याला विरजण म्हटलं आणि पुढे संस्थेतही तेच नाव रुळलं.

या घोळक्याच्या मधोमध उभी असे ती उज्ज्वला तेंडोलकर. वय साठीच्या पुढे, आवाज मात्र पहिल्या मजल्यावरून हाक मारली तर टाकीवरच्या प्लंबरला ऐकू जाईल असा. आंबोळीचं पीठ विकायचा तिचा जुना व्यवसाय, आणि कॉलनीतल्या निम्म्या घरांचा रविवारचा नाश्ता तिच्या पिठावर चालायचा. ओढा समितीची ती अध्यक्ष होती. अध्यक्ष म्हणजे लोकांच्या घरात नाक खुपसायचा सरकारमान्य परवाना, असं तिचा नवरा दिगंबर म्हणायचा.

"छाया, तुझी बरणी पाणी पाणी का दिसतेय?"

"पाहुणे होते ना ताई घरी. लक्षच नाही राहिलं," समोरच्या इमारतीतली छाया निकुंभ म्हणाली.

"पाहुण्यांना जेवायला घातलंस ना? मग हिला का उपाशी ठेवलंस?" उज्ज्वलाने आपल्या बरणीतला भरगच्च चमचा तिच्या बरणीत सोडला. "घे. माझं घे. माझ्याइतकं जोरकस कुणाचं नाही."

ते खरंच होतं. तिच्या विरजणाला सगळ्यांत मागणी असे.

या ओढ्याशी उज्ज्वलाचं वैर जुनं. कॉलनीच्या मागून वाहत तो पुढे उल्हास नदीला मिळतो. बिल्डरने त्याच्यावरूनच कॉलनीला निर्झर नाव दिलं आणि राहायला आलेल्या लोकांनी पाचदहा वर्षांत तो पिशव्यांनी बुजवला. एका श्रावणात पुलाखालची मोरी प्लास्टिकने गच्च तुंबली आणि पाणी तळमजल्यांत शिरलं. दिगंबर कमरेइतक्या पाण्यात उतरून बांबूने मोरी मोकळी करत राहिला. पायाला खरचटलं होतं, त्याकडे त्याने लक्ष दिलं नाही. त्यातून लेप्टो झाला, उंदरांमुळे घाण पाण्यातून होणारा ताप. जीव वाचला, पण मूत्रपिंडं गेली.

हृदय अशक्त असल्याने रुग्णालयातलं डायलिसिसचं मशीन त्याला झेपेना. म्हणून पोटाचं डायलिसिस सुरू झालं. पोटात कायमची बसवलेली नळी, तिला जोडायची औषधी पाण्याची पिशवी; ते पाणी काही तास पोटात ठेवायचं, रक्तातली घाण त्यात उतरली की बाहेर काढायचं आणि नवं भरायचं. दिवसातून चार वेळा, घरच्या घरी. पिशवी प्लास्टिकची आणि तिची नळीही प्लास्टिकची. दिगंबर एरवी शहरी मराठी बोले, पण मनातलं असलं की कुडाळची मालवणी बाहेर पडे. "प्लास्टिकान मारल्यान," तो पिशवी स्टँडला लावता लावता म्हणायचा, "आणि प्लास्टिकानच जगवल्यान."

उज्ज्वलाला यात हसण्यासारखं काही दिसत नसे. नवऱ्याला ज्याने आजारी पाडलं तो कचरा पुन्हा ओढ्यात जाऊ द्यायचा नाही, एवढं एकच तिने मनाशी धरलं होतं. त्यासाठी तिने नगरपालिकेत खेटे घातले, दुकानदारांशी भांडणं काढली, स्वतः कापडी पिशव्या शिवून वाटल्या. प्लास्टिकबंदी तीनदा आली आणि तीनदा विरली. मग एक दिवस डॉ. नाझनीन मुकादम कॉलनीच्या सभागृहात आली.

नाझनीन मूळची मुरूडची, त्या संस्थेतली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, वयाने उज्ज्वलाच्या मुलीसारखी. तिने फळ्यावर एक माळ काढली. "प्लास्टिक म्हणजे एकसारख्या मण्यांची लांबच लांब माळ. इतकी लांब की कुठल्याही जंतूच्या तोंडात मावत नाही, म्हणून ती कुजत नाही. आम्ही असा जंतू तयार केलाय, ज्याच्याकडे कात्री आहे. तो माळ कापतो, मणी सुटे करतो आणि खातो. उरतो तो थोडा वायू आणि पाणी."

"आणि तो बरणीबाहेर पडला तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"पडला तरी जगणार नाही. त्याला जगायला एक जीवनसत्त्व लागतं, ते स्वतः बनवायची त्याची ताकद आम्ही काढून टाकली आहे. हे त्याचं कुलूप. दर आठवड्याला आम्ही एक पुडी देऊ, ती बरणीत घालायची. पुडी नसेल तर तो मरतो. आणि एक नियम आहे. कॉलनीबाहेर कुणालाही द्यायचं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या क्षणी त्या बायका प्रामाणिकच होत्या. पण विरजण मागायला दारात आलेल्या बाईला रिकामी पाठवायचं नसतं, हे त्यांच्या हातांना नियमाच्या फार आधीपासून ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षी ऐन गणपतीत घाटातला रस्ता खचला आणि घाटापलीकडच्या संस्थेतून पुड्या आल्या नाहीत. बरण्या एकेक करून निवळायला लागल्या. समितीच्या बायकांचे चेहरे उतरले. उज्ज्वला ओट्याशी विचार करत उभी होती. समोर आंबोळीचं पीठ फुगून वर आलं होतं. पीठ आंबलं की त्यातली जीवनसत्त्वं वाढतात, हे तिने शाळेत घोकलेलं होतं. तिने पिठावरचं आंबट पाणी काढलं आणि बरणीत ओतलं. सकाळी बरणीत बुडबुडे येत होते.

त्या दिवशी तिला झालेला आनंद काय सांगावा! पुढच्या गुरुवारी फाटकाशी तिने ही युक्ती सगळ्यांना सांगितली आणि जिला हवं तिला पिठाचं पाणी फुकट दिलं. पुड्या पुन्हा सुरू झाल्या, पण घरचं असताना विकतच्यासारखं कशाला वापरायचं, म्हणून अर्धी पुडी, मग पाव, मग नुसतं पाणी. पुड्या स्वयंपाकघरांच्या खणांत पडून राहिल्या. संस्थेला कळवावं असं कुणाला सुचलं नाही. आमटीत कोकमाऐवजी चिंच घातली तर ते कोण कुणाला कळवतं?

दुसरी गोष्ट उज्ज्वलाने कुणालाच सांगितली नाही. दिगंबरच्या रोजच्या चार रिकाम्या पिशव्या आणि त्यांच्या नळ्या मिळून इमारतीत सर्वांत जास्त प्लास्टिक तिच्याच घरातून निघे. दवाखान्याचा कचरा नेणारी गाडी मनात येईल तेव्हा यायची. अध्यक्षबाईंच्या दाराशी प्लास्टिकचा ढीग म्हणजे लोकांना आयतं बोलायला विषय! औषधाच्या वस्तू बरणीत टाकायच्या नाहीत असं नाझनीनने बजावलं होतं. तरी उज्ज्वलाने एका दुपारी नळीचे बारीक तुकडे करून टाकून पाहिले. बरेच दिवस काही झालं नाही. मग तुकडे पांढुरके झाले, कडक झाले, आणि बोटाने दाबताच मोडले. पुढच्या खेपेला वेळ कमी लागला. तिच्या विरजणाचा जोर तेव्हापासूनचा.

ओढ्याचा तळ दिसू लागला. पुलाच्या कठड्यावर खंड्या येऊन बसू लागला. आजूबाजूच्या गावांतले लोक बघायला येत, उज्ज्वलाला व्यासपीठावर बोलावत, शाल देत. एकच गोष्ट तिला खटकायची. लोकांनी कापडी पिशव्या माळ्यावर टाकल्या होत्या. भाजीवाल्याकडे बायका बिनदिक्कत पिशवी मागत आणि वर म्हणत, "बरणी आहे ना!"

या सगळ्याचा शेवट एका ओल्या खोक्यापासून सुरू झाला. औषधी पाण्याच्या पिशव्यांचं खोकं खालून भिजलेलं होतं. एक पिशवी झिरपत होती. माल खराब आला असेल म्हणून उज्ज्वलाने दुकानदाराला झापलं आणि खोकं बदलून घेतलं. नंतर छायाच्या वॉशिंग मशीनची नळी तडकली. त्यानंतरच्या सोमवारी दिगंबरच्या पोटातून बाहेर आलेलं पाणी ताकासारखं गढूळ होतं, आणि त्याला थंडी वाजून ताप भरला.

पोटात जंतुसंसर्ग झाला होता. रुग्णालयात तो बरेच दिवस होता, आणि त्यातले काही असे होते की उज्ज्वला बाकावर बसून फक्त दाराकडे बघत असे. तो वाचला. डॉक्टर घरी सोडताना तिला बाजूला घेऊन म्हणाले, "पोटाच्या पडद्याची पुष्कळ हानी झालीय. असा संसर्ग पुन्हा झाला तर आमच्या हातात काही उरणार नाही. नळी हाताळताना डोळ्यांत तेल घालून जपा."

पण नळी हाताळताना ती जपतच होती. हात कोपरापर्यंत धुवायची, पंखा बंद करायची, तोंडाला फडकं बांधायची. मग चुकलं कुठे? तिने दिगंबरच्या पिशवीची नळी उजेडात धरली, तर तीही तडकलेली होती; ती तिने पुडक्यात बांधून नाझनीनकडे पाठवली.

नाझनीन फोन न करता थेट घरीच आली. चहाला नको म्हणाली आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसून इकडेतिकडे पाहत राहिली. ओट्याखाली एक लाकडी पेटी होती, आत मंद दिवा लावलेला. त्यात उज्ज्वलाची बरणी होती. शेजारी दिगंबरची दुपारची पिशवी गरम व्हायला ठेवलेली होती.

"काकू, दोन्ही एकाच पेटीत ठेवता?"

"दोघांना सारखीच ऊब लागते ना ग. दोन दिवे कशाला जाळायचे?"

नाझनीनने डोळे मिटून घेतले. "नळीवर आपलाच जंतू आहे. नळी मऊ राहावी म्हणून तिच्यात एक तेलकट पदार्थ घालतात. तो त्याने खाल्लाय. तेल गेलं की नळी कडक होते, बारीक चिरा पडतात, आणि चिरांतून काहीही पोटात जाऊ शकतं. पण काकू, मी या जंतूला दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक खायला शिकवलं होतं. हे खायला याला कुणी शिकवलं?"

उज्ज्वलाने पिशवी पेटीतून बाहेर काढून ठेवली. मग तिने सांगितलं. नळ्यांचं सांगितलं आणि पुडीऐवजी घातलेल्या पिठाच्या पाण्याचंही सांगितलं. बोलताना ती ओट्याची कड धरून होती.

"म्हणजे तेही तुम्हीच," नाझनीन हळूच म्हणाली. "मी प्रयोगशाळेत पुडी न देता वाढवून पाहिला. मस्त वाढला. कुलूप राहिलेलंच नाही. मला कळेना असं कसं झालं. जंतूही शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उसनं घेतात काकू. तुम्ही एकमेकींकडून पाककृती घेता ना, तसं. पिठातल्या जंतूंना ते जीवनसत्त्व बनवता येतं. ती कृती आपल्या जंतूने त्यांच्याकडून उचलली. लाखांत एखाद्यानेच उचलली असेल, पण तुम्ही बरण्या अर्धपोटी ठेवत होता. मग तोच तगला, तोच वाढला. आणि सगळ्यांत जोरकस म्हणून तुम्ही तोच वाटत राहिलात."

आतल्या खोलीतून दिगंबरचा खोकला ऐकू आला.

"ह्यांना मी इथून हलवते," उज्ज्वला म्हणाली. "आजच्या आज कुडाळला, दिराकडे. तिथे हे काही नाही."

तिने तिथल्या तिथे जावेला फोन लावला. जाऊबाईंचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. "या की, घर तुमचाच असा! आणि उज्ज्वला, गेल्या मे महिन्यात तू लोणच्याच्या बरणीतून पाठवलेला विरजण झकास चालला हां. आख्ख्या वाडीक दिलंय मी. कालच देवळाकडली माणसा येवन घेवन गेली."

उज्ज्वलाने फोन खाली ठेवला. मे महिन्यात जाऊ म्हणाली होती, थोडं पाठव गो, आणि तिने पाठवलं होतं. त्यात नियम मोडला असं तिला वाटलंही नव्हतं. आता या माणसाला कुठे न्यायचं, हे तिला कळेना. ती ओट्याला टेकून लहान मुलीसारखी रडली. नाझनीनने तिच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळाने उज्ज्वलाने पदराने तोंड पुसलं. "हे मरतं कशाने?"

"उकळलं की लगेच मरतं."

"आणि गटारातलं? ओढ्यातलं?"

"तिथे त्याचा निभाव कमी लागतो. बाहेर दुसरे जंतू फार असतात, ते याला जेवू देत नाहीत. त्याला आयतं खाणं आणि ऊब मिळते ती आपल्या बरण्यांत. घरोघरच्या बरण्या बंद झाल्या तर बाहेरचं हळूहळू मागे हटेल असा माझा अंदाज आहे. संपेलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आणि काकू, तुम्हाला आणखी एक सांगायला हवं. आमच्या वरिष्ठांचं म्हणणं आहे की तूर्त फक्त तुमच्या घरातली बरणी काढावी. गाजावाजा झाला तर संस्थेने ज्या ज्या गावांत हे दिलंय तिथलं सगळं काम थांबेल."

"आणि तुझं म्हणणं काय?"

"मी त्यांना कळवून टाकलंय की मी सगळीकडे सांगणार," नाझनीन म्हणाली. तिचा चेहरा ओढलेला होता. आठ वर्षांचं काम होतं तिचं.

दिगंबरने हे सगळं आतून ऐकलं होतं. नाझनीन गेल्यावर त्याने उज्ज्वलाला जवळ बसवलं.

"माझ्यापायी बरण्यो बंद करू नको," तो म्हणाला.

"काहीतरी बोलू नका."

"आयक माझा. ह्या व्हाळान माका खाल्ल्यान. आता तुझ्या बायकांनी बरण्यो फेकल्यो आणि पिशव्यो परत व्हाळात टाकल्यो, तर तो परत तुंबतलो आणि दुसऱ्याक खातलो. माझा काय, आज आसंय, उद्या नाय."

उज्ज्वलाला त्याचा राग आला, आणि रागाहून अधिक भीती वाटली, कारण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तिने त्याच्या पोटावरची सुटत आलेली पट्टी नीट चिकटवली.

"तुम्ही एकटेच आहात का?" ती म्हणाली. "प्रत्येक रुग्णालयात नळ्या आहेत. सलाइनच्या, रक्ताच्या, काचेच्या पेटीतल्या तान्ह्या बाळांच्या. ओढा तुंबला तर मी पुन्हा आत उतरेन. तो हातांनी साफ करता येतो. हे नाही करता येत."

दिगंबरने भिंतीकडे तोंड केलं. नंतर त्याने तिचा हात शोधून धरला.

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर निघाली. सोबत नाझनीन होती. वाटलं होतं तितकं ते सोपं गेलं नाही. ज्या दारांत ती विरजण घेऊन गेली होती त्याच दारांत उभं राहून ते मारून टाका म्हणायचं होतं. काहींनी मुकाट्याने बरणी गॅसवर ठेवली. काहींनी दार लावून घेतलं. एका गृहस्थांनी तिला तोंडावर सुनावलं, "शाली घेतल्या तेव्हा बरं कळलं नाही हे!" तिने ऐकून घेतलं. गृहस्थ चुकीचं बोलत नव्हते.

छाया निकुंभ सर्वांत चिवट निघाली. "ताई, तुमच्या घरी आजारी माणूस आहे म्हणून आम्ही बंद करायचं? आमच्या घरात नाही कुणी तसं. मी नळीबिळी घालत नाही, दुधाच्या पिशव्याच घालते."

"तुझं विरजण कुणाचं आहे?"

"तुमचंच."

"मग त्याला नळीची चव आधीच लागलेली आहे छाया. तुझ्या मशीनची नळी कशी तडकली?"

छायाने वळून मशीनकडे पाहिलं.

"तू कुणाला दिलंस ग हे?"

"बहिणीला दिलं. कल्याणला." छायाची नजर खाली गेली. "तिच्या नणंदेची मुलगी रुग्णालयात नर्स आहे. ती म्हणाली, आमच्याकडे प्लास्टिक फार निघतं मावशी, मलाही द्या."

उज्ज्वलाने चपला काढल्या, आत गेली आणि पातेलं गॅसवर ठेवलं. ते बघता बघता छाया रडायला लागली. मग तिने आपल्या हाताने बरणी पातेल्यात उपडी केली. उकळी फुटली तेव्हा पुठ्ठ्याचा आणि मेणाचा तो वास घरभर पसरला. दोघी गॅसजवळ उभ्या राहून पाहत होत्या. त्यानंतर छायाने बहिणीला फोन लावला.

आपली बरणी उज्ज्वलाने सगळ्यांत शेवटी उकळली. पेटीतला दिवा काढला, पेटी उन्हात टाकली. आंबोळीचं पीठ करणं तिने बंद केलं. पिठाचा त्यात दोष नाही, असं नाझनीन तिला पुन्हा पुन्हा सांगे, पण तिचा हात त्या भांड्याकडे जाईना.

दिगंबरसाठी नाझनीनने जुनी पद्धत शोधून काढली. पूर्वी, प्लास्टिकच्या पिशव्या यायच्या आधी, हे औषधी पाणी काचेच्या बाटल्यांतून देत आणि नळ्या रबराच्या असत. पोटातली कायमची नळी सिलिकॉनची होती, तिला जंतूने अजून तोंड लावलेलं नव्हतं. डॉक्टर आधी नाही म्हणाले, मग वाचून आले, मग हो म्हणाले. आता प्रत्येक वेळी बाटली आणि रबरी नळी उकळायची, निववायची, मग जोडायची. प्रत्येक जोडणीत धोका होता आणि दिवसातून चार जोडण्या होत्या. ज्या मोठ्या पातेल्यात कॉलनीतल्या बरण्या उकळल्या, त्यातच उज्ज्वला आता बाटल्या उकळायची. दिगंबर अंगाने निम्मा झाला होता, पण पाणी स्वच्छ येत होतं. रोज ती ते पाणी खिडकीशी उजेडात धरून बघायची आणि मगच दुसऱ्या कामाला लागायची.

कॉलनीत माळ्यावरच्या कापडी पिशव्या खाली आल्या, सगळ्यांच्या नाही, पुष्कळांच्या. दूधवाल्याला लोकांनी पुन्हा किटली आणायला लावली. गुरुवारी सकाळी फाटकाशी आता बायका टोपल्या आणि दाताळी घेऊन जमत आणि ओढ्यात उतरत. उज्ज्वला काठावर उभी राहून ओरडत असे. पुलाच्या मोरीशी कचरा साठतच होता, आणि त्या काढतच होत्या.

अशाच एका सकाळी उज्ज्वला ओढ्यावरून घरी परतली तेवढ्यात एक अनोळखी बाई दारात आली. तिशीची, घामाघूम झालेली, हातात स्वच्छ घासलेली काचेची बरणी.

"तेंडोलकरकाकू तुम्हीच ना? मी नेरळहून आले. आमच्या चाळीमागचा नाला फार तुंबतो हो. माझ्या मुलाला दोनदा कावीळ झाली. तुमच्याकडे विरजण मिळतं असं कळलं." तिने बरणी पुढे केली. "चमचाभर द्या."

उज्ज्वलाने बरणीकडे पाहिलं. आयुष्यात तिने विरजण मागायला आलेल्या कुणालाही नाही म्हटलेलं नव्हतं. तिच्या आईने नव्हतं म्हटलं, आजीने नव्हतं.

"नाही ग," ती म्हणाली. "नाही देणार मी."

बाईचा चेहरा पडला. उज्ज्वलाने तिला हाताला धरून आत नेलं. दिगंबर खिडकीशी बसला होता, डोक्यावर स्टँडला काचेची बाटली टांगलेली, तांबडी रबरी नळी सदऱ्याखाली गेलेली. उज्ज्वलाने काही न लपवता सगळं सांगितलं. हे मी केलं, असंही सांगितलं. बाई बाटलीकडे बघत राहिली.

"पण काकू," ती चाचरत म्हणाली, "आमच्या शेजारच्या चाळीत आहे हे विरजण. तिथल्या बायका जास्त देत नाहीत म्हणून मी इथवर आले. तुमच्याकडचं जोरकस असतं म्हणतात."

नेरळहून ते पुढे कुठे गेलं असेल, कर्जतला, खोपोलीला, घाटापलीकडे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उज्ज्वलाने घड्याळाकडे पाहिलं. दुपारची बाटली बदलायची वेळ व्हायची होती. एकट्याने ती बदलणं दिगंबरला जमत असे, पण त्याचे हात आता थरथरत आणि तिने त्याला एकदाही एकट्याने करू दिलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. आज एकट्याने कराल का, एवढं तिच्याने विचारवेना.

दिगंबरने तिच्याकडे पाहिलं, मग त्या बाईच्या हातातल्या रिकाम्या बरणीकडे.

"जा गो तू," तो म्हणाला. "बाटल्यो मी उकळतंय."

"हात नीट धुवा," उज्ज्वला म्हणाली. "कोपरापर्यंत धुवा. पंखा बंद करा."

"करतंय. जा."

तिने खुंटीवरची कापडी पिशवी घेतली, बाटल्यांचं सोडून दुसरं एक पातेलं त्यात घातलं आणि चपला पायात सरकवल्या. बाईची बरणी तिने तिच्या हातातून घेतली. रिकामं भांडं परत द्यायची तिला सवय नव्हती, म्हणून मूठभर साखर आत टाकून झाकण लावलं आणि ती परत दिली.

"चल," ती म्हणाली. "आधी तुझ्या शेजारची चाळ दाखव."

जिना उतरताना तिला वरून नळ सोडल्याचा आवाज आला. दिगंबर हात धूत होता. पाणी बराच वेळ वाहत राहिलं, आणि ते बंद होईपर्यंत ती पायरीवर थांबली. मग खाली उतरली.